एका बोटाची जागा

बुखारेस्टच्या या तळघरात एकतीस वर्षं
मी हिऱ्याच्या सुरीनं माणसं कापते,
केसाच्या हजाराव्या भागाइतकी पातळ.
वर रस्त्यावर ट्राम वळली की पडद्यावरचं चित्र थरथरतं.
मग थांबायचं. चाळीस सेकंद.
हाताला पाठ झालंय.

त्या पेशीला पहिली अकरा वर्षं मी डाग समजले.
सुरी अडखळली असेल,
नाहीतर रंग नीट धुतला गेला नसेल.
डॉक्टर अंगेलेस्कु म्हणायचे, फायब्रोब्लास्टच आहे,
पुढे सरका, दोम्ना स्मारांदा.
मी सरकत गेले.

मग एका संध्याकाळी तो डाग संपेचना.
या फोटोतून त्या फोटोत, तिथून पुढच्यात,
टेबल पुरेना म्हणून प्रिंट जमिनीवर जोडले, चोवीस,
गुडघ्यांवर बसून पाहिलं, तर हा हात होता.
अंग दाण्याएवढं
आणि हात गावभर.
मध्येच इतका बारीक की नजर निसटावी,
मध्येच फुगीर,
कुणी आठवण राहावी म्हणून
दोऱ्याला गाठी मारत गेल्यासारखा.

टेलोसाइट हे नाव मागाहून आलं.
नाव आल्यावर ती सगळीकडे दिसू लागली :
हृदयात, आतड्यात, फुप्फुसात,
कुणाच्याच घरात नाही, दोन घरांच्या मधल्या बोळात.

ती लढत नाही, एवढं मला दिसतं.
लढणाऱ्या वेगळ्या.
मास्ट पेशी, दारूगोळ्यानं ठासून भरलेली, चिडकी,
महाभक्षी, जे समोर येईल ते गिळणारी,
लिम्फोसाइट, जुनी वैरं लक्षात ठेवणारी.
ही फक्त त्यांच्या अंगाला हात लावून असते.
कधी एक छोटीशी पुडी सोडते.
पुडीत काय, ते वरच्या मजल्यावरचे लोक शोधताहेत.
माझा अंदाज विचाराल तर, निरोप.
अगं, उठ. किंवा, पुरे आता.
पण अंदाजाला इथे कुणी सही देत नाही.

फेब्रुवारीत एक तुकडा आला, कोपराखालचा,
तांदळाच्या दाण्याएवढा.
कातडी दगडावत जाण्याचा आजार.
मी शोधलं. सवयीच्या जागी, रक्तवाहिनीच्या कडेला.
हात तुटलेले, पोटात पोकळ्या,
पुढच्या पट्टीत तेही नाही.
नुसतं कोलॅजन, दाबून रचलेल्या गवतासारखं,
आणि त्यात लढणाऱ्या पेशी,
कुणाचाच हात अंगावर नसलेल्या.
या आधी गेल्या म्हणून आजार आला,
की आजार आला म्हणून या गेल्या?
मी वहीत लिहिलं : आढळल्या नाहीत.
वहीत प्रश्नासाठी रकाना नाही.

एक मार्चला ती तळघरात उतरली, वाट चुकून.
झाम्फिरा. ब्राईलाला शिवणकाम करायची.
बोटं पांढरी, टोकाशी निळी, मिटत नव्हती.
मुठीत नाही, तळव्यावर ठेवलेला मार्त्सिशोर,
वसंताचा लाल-पांढरा दोरा,
लेकीनं पोस्टानं पाठवलेला.
दवाखान्यात सगळे घाईत, ती म्हणाली,
आणि मला गाठ येत नाही आता.
गाठ येत नाही, हे सांगताना शिवणारी बाई हसली.

मी तिला ओळखत होते, आतून.
पडद्यावर तीच होती, वीस हजार पट मोठी.
मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले.
काय दिसलं, हे सांगायचा मला अधिकार नाही.
दोरा हातात घेतला. ट्राम वळली. मी थांबले.

फार घट्ट नको, ती म्हणाली,
आतून आधीच आवळलंय सगळं.

मी सैल बांधला.
मधे एका बोटाची जागा ठेवून.